आखाजीला मी माहेरी आलो

काल आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येण्याचा सण. रात्रीच्या गाडीने भुसावळला उतरलो, तिथून बस धरून फैजपूर. खांद्यावर पिशवी, हाताला अर्धवट झोपेतली पोरगी. पाराजवळ पत्ते सुरू होते (आमच्याकडे आखाजीला पत्ते न खेळणारा माणूस संशयित समजला जातो). मला बघून एका मामांनी पानं खाली ठेवली आणि आवाज दिला, "आली रे भो माहेरवाशीन!" सगळा पार हसला. दुसऱ्याने लगेच विचारलं, "जावईबापू नही आले का?" मी म्हटलं, "ड्युटीवर आहेत." मग मीही हसलो. चांगला विनोद होता, नाकारण्यात अर्थ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझं फैजपूरला मोटर रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटरीची तार नव्याने गुंडाळून द्यायचं) दुकान होतं. बायको रेल्वेच्या अकाउंट्स खात्यात, भुसावळला. २०२४ च्या जूनमध्ये तिला बढती मिळाली आणि नेमणूक मुंबईला. मी दुकान माझ्याच हाताखालच्या पोराला चालवायला दिलं आणि आम्ही कल्याणला बिऱ्हाड हलवलं. कल्याणच का, तर भुसावळकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात, आणि आपली माणसं तिथे ढिगाने आहेत.

तेव्हापासून गावात आलो की प्रत्येक जण एकच आकडा विचारतो. "भाडं किती?" चौदा हजार म्हटलं की समोरचा कपाळाला हात लावतो. "चौदा हजार! आणि अठी (इथे) दोन मजली घर सोडून?" मग तो मनात काहीतरी वजाबाकी करतो आणि माझ्याकडे दयेने बघतो.

माझं म्हणणं असं की ही वजाबाकीच चुकीची आहे. भाडं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग होता.

आकडे सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. सातव्या वेतन आयोगात शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. भुसावळ झेड, बृहन्मुंबई एक्स. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचला की घरभाडे भत्ता एक्सला मूळ वेतनाच्या ३० टक्के, झेडला १० टक्के. महागाई भत्ता २०२४ च्या जानेवारीपासून पन्नासवर गेला. तिचं मूळ वेतन ३७,००० होतं, बढतीने ३८,७०० झालं. घरभाडे भत्ता ३,७०० चा ११,६१० झाला. मूळ वेतनातली वाढ महागाई भत्त्यासकट २,५५०. वाहतूक भत्ता मोठ्या शहरात ३,६००, इतरत्र १,८००, त्यावर पुन्हा महागाई, म्हणजे २,७०० चा फरक. सगळं मिळून महिन्याला १३,१६० रुपये जास्त. कपाती धरल्या नाहीत, त्या धरल्या तर थोडं कमी. भाडं १४,०००. म्हणजे ज्यासाठी गाव कपाळाला हात लावतो तो खड्डा ८४० रुपयांचा आहे.

खरा खड्डा दुकानाचा. सगळा खर्च जाऊन मला महिन्याला सरासरी २८,००० सुटायचे, आणि ते कल्याणला गेल्यावर एका महिन्यात शून्य झाले. हा आकडा पारावर कुणीच विचारत नाही.

आता रिवाइंडिंगच्या धंद्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे पाणी खोल गेलंय, बोअरमध्ये दहा, पंधरा, वीस एचपीच्या सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालणाऱ्या मोटरी, सोडलेल्या असतात. या मोटरींना लागणारी शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. लाइट आली की सगळ्या मळ्यांतल्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते आणि वायंडिंग जळतं. एप्रिल-मेमध्ये केळीला दोन-तीन दिवस पाणी चुकलं तर बाग मान टाकते, त्यामुळे शेतकरी रात्री दोनलाही मोटर घेऊन दाराशी उभा राहतो. पैसे लगेच मागायचे नाहीत. "केयी कटली का देतो" (केळी कापली की देतो), हे वाक्य म्हणजेच आमची पावती. बाग लावल्यापासून घड निघेपर्यंत जवळपास वर्ष जातं, म्हणजे उधारीही वर्षाची. मला कुणाची बाग कधी लागली, कुणाचा घड कधी कटणार, हे पाठ असायचं. कोण देणारा, कोण टाळणारा, कोण बायकोच्या हाती पैसे पाठवणारा, हेही. बावीस वर्षांत कमावलेली ही माहिती टेम्पोत चढत नाही. मी कॉइल गुंडाळायचं मशीन, बेअरिंग पुलर, टेस्टिंगचा पॅनेल सगळं कल्याणला नेलं. तिथे गेल्यावर कळलं की मी धंदा मागे ठेवून नुसती हत्यारं आणलीत.

कल्याणला सोसायट्यांचे पंप असतात. तीन, पाच एचपीचे, पार्किंगच्या कोपऱ्यात. जळाला की सेक्रेटरी तीन कोटेशन मागतो. मला आयुष्यात कुणी कोटेशन मागितलं नव्हतं. शेवटी एका पंपवाल्याकडे सोळा हजारांवर कामाला लागलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, ज्याच्या हाताखाली दोन पोरं होती, तो दुसऱ्याच्या हाताखालचा पोरगा झाला.

आणि मी वाईट वागलो. हे लिहायला जड जातंय, पण मग बाकीचं लिहिण्यातही अर्थ नाही. पहिले सात-आठ महिने मी घरात एक वाक्य खिशातच घेऊन फिरायचो: तुझ्यासाठी आलो. गॅस संपला, तुझ्यासाठी आलो. लोकलमध्ये कुणी पाय तुडवला, तुझ्यासाठी आलो. एकदा केळी विकत घ्यायची वेळ आली. रावेर-यावलकडच्या, केळी पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाने डझनावर मोजून केळी घेणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पाहुणा जाताना फणी पिशवीत टाकतात, नको म्हटलं तर राग धरतात. तिथे गाडीवाल्याने साठ सांगितले, मी पन्नास म्हटलं, तो म्हणाला, "परवडत नसेल तर अर्धा डझन घ्या." त्या रात्री मी घरी जे भांडलो ते केळ्यांवरून नव्हतं, पण विषय केळीच होता.

बायको अकाउंट्सवाली. ती रडली नाही, चिडलीही नाही. घरखर्चाची वही घेऊन आली. भाडं, किराणा, शाळा, प्रवास, लाइट बिल असं ओळीने लिहिलेलं. त्याखाली तिने एक नवी ओळ ओढली, 'दुकान', आणि खर्चाच्या रकान्यात लिहिलं १२,०००. म्हणाली, "अठ्ठावीस यायचे, सोळा येतात. हे बारा हजार दर महिन्याला घराचे जातात. तुमचे एकट्याचे नाहीत."

मी गप्प झालो. मग ती पुढे म्हणाली, "आणि अहो, मी अकरा वर्षं फैजपूर-भुसावळ अप-डाउन केलं. ते तुम्ही कधी कुठे लिहिलंत?"

नव्हतं लिहिलं. लग्न २०१३ चं. तिने तेव्हा भुसावळला क्वार्टर मागितलं असतं तर मिळालं असतं, तसं ती एकदा बोललीही होती. पण माझं दुकान फैजपूरला म्हणून राहायचं फैजपूरला, यावर चर्चासुद्धा झाली नव्हती. रोज थांब्यावर उभं राहणं धरून अडीच तास, तापीचा पूल सकाळी आणि संध्याकाळी. २०२२ मध्ये तिने एकदा बढती नाकारली होती, आईचं ऑपरेशन होतं आणि माझा सीझन. रेल्वेत बढती नाकारली की वर्षभर पुन्हा विचार होत नाही. ते वर्ष तिने कुणालाही ऐकवलं नाही. मला तर ते बढतीचं पत्र कोणत्या महिन्यात आलं होतं हेसुद्धा आठवत नव्हतं.

माझं मत बनलं ते तिथे. आपल्याकडे अशा वेळी 'त्याग' हा शब्द वापरतात आणि तोच सगळा घोळ करतो. मी त्याग केला म्हटलं की समोरच्यावर कर्ज चढतं, आणि ते फेडायची तारीख कुठे लिहिलेली नसते. खर्च म्हटलं की तो आकडा होतो, दर महिन्याला वहीत दिसतो, कमी-जास्त करता येतो, दोघांनाही त्यावर बोलता येतं. जो जागा सोडून येतो त्याचं जे बुडतं ते भाड्याच्या खाली, भाड्याइतक्याच ठळक अक्षरात लिहा. बाईचं बुडत असेल तरी लिहा. खरं तर बाईचंच आधी लिहायला हवं होतं.

माझी बहीण सावद्याला ब्लाउज शिवायची. सणासुदीला तिच्याकडे नंबर लागायचे. लग्न होऊन सुरतेला उधन्याला गेली. निम्मा खानदेश तिकडेच गेलाय, त्यात कुणाला काय वाटणार. तिथे दोन खोल्यांचं भाडं, शिलाई मशीन ठेवायला जागा नाही म्हणून ते दोन वर्षं आमच्या माळ्यावर पडून होतं. तिच्या गिऱ्हाइकांचं काय झालं, तिचे महिन्याचे किती बुडाले, असं मी भाऊ असून एकदाही विचारलं नाही. काल झोक्याजवळ गौराईची गाणी म्हणणाऱ्या बायकांकडे बघत होतो. त्यातली प्रत्येक जण नवऱ्याच्या गावी गेलेली. एकीलाही पारावरून कुणी "भाडं किती" विचारलेलं नसणार. मी गेलो तर गावाला गणित आठवलं.

नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असले तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. चांगलंच आहे. पण रिवाइंडिंगवाल्याची बदली कोण काढणार? ब्लाउजवालीची? ज्यांचा धंदा ओळखीवर चालतो त्यांच्यासाठी असा कागद नसतो, म्हणून निदान घरच्या वहीत तरी एक ओळ असावी.

मला लगेच कमेंटमध्ये सांगतील की नवरा-बायकोत कसला हिशेब. अरे, कालच आखाजी होती! आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल आखाजीला संपतं. मालक आणि सालदार ओट्यावर बसतात, उचल किती, खाडे किती, धान्य किती नेलं, सगळं निघतं, मग नवं साल ठरतं किंवा मोडतं. त्याने कुणाचं नातं तुटलेलं मी पाहिलं नाही, आमच्याच शेजारी एक सालदार बाप-लेक दोन पिढ्या एकाच घरी होते. तुटतं तिथे, जिथे एक जण मनात खाडे मोजत बसतो.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. भाडं अकरा महिन्यांच्या करारानंतर वाढलं, डिपॉझिट अडकलंय, कळण्याच्या भाकरीचं पीठ इथून न्यावं लागतं कारण तिथल्या गिरणीवाल्याला ज्वारीत उडीद घालून दळायचं म्हटलं की तो गिरणी खराब होईल म्हणतो. भरताचं वांगं मिळतं, पण ते भाजल्यावर नुसतं पाणी सुटतं. आई भावाकडे आहे, बरी आहे, पण फोनवर "कधी येतो" एवढंच विचारते. ह्याची ओळ वहीत कशी घालायची ते आम्हाला दोघांनाही जमलेलं नाही.

एक मात्र बदललं. गेल्या उन्हाळ्यापासून इथल्या शेतकऱ्यांचे फोन यायला लागले. मोटर सुरू करतात आणि फोन तिच्याजवळ धरतात. पॅनेलचा गुरगुराट, पाइपातला आवाज ऐकून मी सांगतो, बेअरिंग गेलंय, किंवा एक फेज येत नाही, बंद कर आधी. दुकानातला पोरगा जाऊन काम करतो आणि मला त्यातला हिस्सा पाठवतो. कल्याणातही चार सोसायट्यांचं वर्षाचं काम आता माझ्या नावावर आहे. मार्चमध्ये बायकोने 'दुकान'ची ओळ १२,००० वरून ५,००० वर आणली. मी म्हटलं, सीझन आहे म्हणून, पावसाळ्यात पुन्हा वाढव. ती म्हणाली, पावसाळ्यात बघू. यावर अजून वाद चालू आहे.

असो. सोमवारपर्यंत फैजपूरलाच आहे. ज्यांच्या मोटरी अडल्यात त्यांनी उद्या सकाळी दुकानावर आणून टाका, केबल सोबत आणा. २०२४ ची उधारी राहिलेल्यांनीही यावं, केळी कटल्याचं मला कळलंय.