‘पाच वर्षांचा विमा’ म्हणजे नेमकं काय

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की आपल्या यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत पोरांच्या पहिल्या मोटारसायकली येतात. सोबत एक मेसेजही फिरतो: ‘नव्या गाडीला शोरूममध्येच पाच वर्षांचा विमा निघते, मंग पाच वर्षं काही पाहा लागत नाही.’ हे अर्धंच खरं आहे.

1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी रात्री शेतातून येताना रोही (नीलगाय) आडवं आलं आणि गाडी चेंदली, तर थर्ड पार्टीतून दुरुस्तीचा एक रुपया मिळत नाही. पॉलिसीवर दोन्हींच्या तारखा वेगळ्या छापलेल्या असतात, त्या आजच पाहा.

याहून मोठी गफलत नावाची. गाडी बाबांच्या नावावर, चालवते पोरगा. विम्यातलं 15 लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षण, म्हणजे अपघातात गाडी चालवणाऱ्या मालकाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर मिळणारे पैसे, फक्त नोंदणीकृत मालकाला, तेही वैध लायसन्स असेल तरच. पोराला ते लागू नाही. माझी कळकळीची विनंती आहे, लायसन्स काढून गाडी त्याच्याच नावावर घ्या.

आणि विमा शोरूमचाच घ्यावा लागतो, हेही खोटं. बाहेरून घेता येतो.

गाडी निवडताना मात्र एकच पाहा: बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का.