‘अंकोर एका दिवसात होतं’: या सल्ल्याचा प्रतिवाद

कंबोडियाला निघालेल्या मंडळींना हमखास एक सल्ला मिळतो. मजकूर थोडक्यात असा: अंकोरला, म्हणजे कंबोडियाच्या ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीतल्या देवळांना, एक दिवस पुरे. पहाटे अंकोर वाटचा सूर्योदय, मग चेहऱ्यांचं बायोन, मग झाडांच्या मुळांचं ता प्रोम, झालं. बाकी देवळं सगळी सारखीच. हे सगळं जंगलात हरवलं होतं, 1860 साली एका फ्रेंच माणसाने शोधलं. अंकोरजवळच्या सियाम रीप शहराच्या बाहेर रस्ते नाहीत आणि सुरुंग आहेत, तेव्हा तिकडे फिरकू नका. पावसाळ्यात तर जाऊच नका.

यातली सुरुंगांची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं ऐकून सहल आखली, तर इतक्या लांब जाऊन माणूस जगातल्या एका अफाट वास्तुपरंपरेची फक्त तीन पोस्टकार्डं बघून परततो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘एक दिवस पुरे’

आधी पैशांचा हिशेब. 2017 पासून एका दिवसाचं तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, सात दिवसांचं 72. म्हणजे दुसरा आणि तिसरा दिवस मिळून 25 डॉलरला पडतात. तीन दिवसांचं तिकीट सलग वापरायची सक्ती नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. सात दिवसांचं महिनाभर चालतं. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयासाठी पासपोर्ट जवळ हवा. तिकिटावर फोटो असतो, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आता वेळेचा. अंकोर वाट पहाटे पाचला उघडतं, बरीचशी देवळं साडेसातला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सगळं आवरतं. मधले अकरा ते दोन दगड इतका तापतो की धडधाकट माणूसही सावली शोधतो. उरतात आठ-नऊ तास. एकट्या अंकोर वाटच्या बाहेरच्या ओवरीचा आयत 215 बाय 187 मीटर आहे, म्हणजे नुसती एक फेरी 800 मीटरची. तिच्या भिंतींवर पश्चिमेला कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्ध, दक्षिणेला हे देऊळ बांधणाऱ्या राजाची, दुसऱ्या सूर्यवर्म्याची, मिरवणूक आणि यमाचा न्यायनिवाडा, पूर्वेला 49 मीटर लांबीचं समुद्रमंथन. शरपंजरी भीष्म, हनुमंताच्या खांद्यावर उभा राम, वीस हातांचा रावण हे सगळं आपल्याला वाटाड्याशिवाय ओळखू येतं. दुसऱ्या देशाच्या प्रवाशाला जे समजून घ्यायला तास लागतो, ते मराठी माणसाच्या आजीने लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं. आणि नेमके आपणच वीस मिनिटांत बाहेर पडतो!

ही ओवरी कशी बघायची हेही सांगायला हवं. पश्चिमेच्या दारातून आत आल्यावर उजवीकडे वळायचं आणि देऊळ डाव्या हाताला ठेवत जायचं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. शिल्पांचा क्रम तसाच लावला आहे. देवळाचं तोंड पश्चिमेला आणि क्रम अप्रदक्षिणेचा, यावरून अनेक अभ्यासकांनी त्याचा संबंध राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडला आहे. पश्चिमेच्या भिंतींवर चांगला उजेड दुपारी तीननंतर येतो. सकाळी सूर्योदय बघून लगेच फोटो काढणाऱ्यांना कुरुक्षेत्र काळपट मिळतं, ते यामुळेच.

सूर्योदयाची गर्दी उत्तरेकडच्या तळ्याकाठी, म्हणजे आत शिरल्यावर डाव्या हाताला जमते. तिकीट देवळाच्या दारात मिळत नाही. ते शहरातल्या तिकीट केंद्रावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर आधी काढायचं. पहाटे साडेचारला रांगेत उभं राहिलात की पूर्वेला तांबडं फुटतं ते रांगेतच. आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचं तिकीट घेतलं, तर त्याच संध्याकाळी आत जायलाही मिळतं. मधल्या उंच चौथऱ्यावर, बाकानवर, एका वेळी 100 माणसांनाच सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, नुसती ओढणी गुंडाळून चालत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या हे बौद्ध उपोसथाचे दिवस, तेव्हा बाकान बंद. घरातलं पंचांग उघडून तारखा ठरवा, फक्त तिथीत एखादा दिवस मागेपुढे होतो हे धरून चला.

‘बाकी देवळं सगळी सारखीच’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त नुकसान करतो. एका दिवसात जी तीन देवळं दाखवतात, ती तिन्ही बाराव्या शतकातली आहेत. पाचशे वर्षांच्या बांधकामाचा शेवटचा अध्याय तेवढा वाचायचा आणि पुस्तक एकसुरी आहे म्हणायचं, असा हा प्रकार.

सुरुवात रोलुओसच्या जुन्या देवळांपासून करा. शहराच्या पूर्वेला जेमतेम 13 किलोमीटर. 879 सालचं प्रे को हे विटांचं, त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि त्याचे तुकडे अजून दिसतात. दोनच वर्षांनी, 881 साली, इंद्रवर्मा राजाने पाच टप्प्यांचं बाकोंग उभं केलं: वालुकाश्माने मढवलेला पहिला मोठा मंदिर-पर्वत. मेरूची कल्पना दगडात कशी उतरली ते इथे कळतं. मग पूर्व मेबोन आणि 961 सालचं प्रे रुप. पाया आणि टप्पे जांभ्याचे, वरचे मनोरे विटांचे. हो, तोच जांभा, कोकणात घराला वापरतात तो. ख्मेर गवंडी त्याला पोटात आणि पायात ठेवायचे, कारण तो खणताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण त्यावर नाजूक कोरीवकाम उमटत नाही. कोरायचा भाग वालुकाश्माचा. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढच्या प्रत्येक देवळाचा सांगाडा आपोआप दिसायला लागतो.

967 सालचं बांते स्रेई राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवलं. गुलाबी वालुकाश्म, मनोरे कमी उंचीचे, पण दारांवरच्या पट्ट्यांत एक बोटभर जागा रिकामी नाही. रावण कैलास हलवतोय, शंकर मदनाला जाळतोय, इंद्र खांडववनावर पाऊस पाडतोय. वेरूळचा कैलास हलवणारा रावण डोळ्यांसमोर ठेवून इथला बघा. तिथे कातळातून सुटून आलेला भव्य देह, इथे सोनाराने घडवल्यासारखा पट. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी साडेसातला दार उघडताच पोचायचं. नऊनंतर बस येतात आणि अरुंद अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही.

शेवटी सातव्या जयवर्मा राजाची बौद्ध देवळं: ता प्रोम (1186), प्रे खान (1191), बायोन. ता प्रोमच्या शिलालेखात आत राहणारी 12,640 माणसं मोजली आहेत, त्यांत 615 नर्तकी. झाडं तिथे मुद्दाम राखली आहेत. फ्रेंच संशोधकांनी हे देऊळ सापडलं त्या अवस्थेत ठेवायचं ठरवलं, आणि गेली वीसेक वर्षं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथे पडझड सावरतंय. नर्तकींचा मंडप बघाल तेव्हा ते काम आपल्या लोकांचं आहे हे ध्यानात असू द्या. प्रे खानमध्ये भिंतीवरच्या बुद्धाच्या ओळी नीट बघा. पुढच्या काळात शैव बाजूने छिन्नी चालवली, काही बुद्ध खरवडून काढले, काहींना दाढी देऊन ऋषी केलं. ‘सारखी’ देवळं असा झगडा दाखवत नाहीत.

तीन दिवसांचा आमचा क्रम असा: पहिल्या दिवशी सकाळी रोलुओस, दुपारनंतर पूर्व मेबोन आणि प्रे रुप. दुसऱ्या दिवशी सकाळी बांते स्रेई, मग क्बाल स्पिअनची सुमारे दीड किलोमीटरची जंगलातली चढण, जिथे नदीच्या पात्रात शिवलिंगं कोरली आहेत, आणि परतताना प्रे खान. तिसऱ्या दिवशी अंकोर थोम (बायोन ज्यात आहे ते तटबंदीचं जुनं शहर), ता प्रोम, आणि दुपारी तीनला अंकोर वाट. अंकोर वाट शेवटी. आधी बघितलं की बाकी सगळं त्याच्यापुढे लहान वाटतं. शेवटी बघितलं की ते कशातून वाढत आलं ते कळतं. सूर्योदय हवाच असेल तर तिसऱ्या दिवशी पहाटे तेवढ्यापुरतं जा, त्याच तिकिटावर दुपारी परत शिरता येतं.

‘जंगलात हरवलं होतं, फ्रेंचांनी शोधलं’

फ्रेंच प्रवासी आंरी मुओ 1860 साली तिथे गेला, त्याच्या वर्णनामुळे युरोपात नाव झालं, इतकंच. अंकोर वाट हरवलंच नव्हतं. तिथे भिख्खू राहत होते, यात्रेकरू येत होते. 1632 साली काझुफुसा नावाचा जपानी यात्रेकरू आला आणि खांबावर शाईने लेख लिहून गेला. 1586 साली आंतोनियो दा माडालेना हा पोर्तुगीज पाद्री आला होता. त्याची हकिकत लिहून ठेवली गोव्यात राहणाऱ्या दियोगु दु कोउतु या इतिहासकाराने. म्हणजे मुओच्या पावणेतीनशे वर्षं आधी अंकोरची खबर गोव्यात पोचली होती.

सर्वांत ठाम पुरावा मात्र भिंतीवरच आहे. ओवरीच्या ईशान्य कोपऱ्यातली दोन शिल्पं, कृष्ण-बाणासुर युद्ध आणि विष्णूचा असुरांवर विजय, ही सोळाव्या शतकात आंग चान राजाच्या काळात कोरून पूर्ण झाली. समुद्रमंथनापासून चालत तिथे आलात की हात बदललेला साध्या डोळ्यांनाही दिसतो.

याचा व्यवहारातला अर्थ: हे चालू देवस्थान आहे. पश्चिमेच्या गोपुरात, आत शिरताना उजव्या हाताच्या दालनात, आठ हातांची विष्णूची उंच मूर्ती उभी आहे. स्थानिक लोक तिला ता रीच म्हणतात, भगवं वस्त्र नेसवतात, उदबत्ती लावतात. सूर्योदयाला धावणारी माणसं तिच्यावरून सरळ पुढे जातात. थांबा, चपला काढा, हात जोडा.

‘बाहेर रस्ते नाहीत, सुरुंग आहेत’

रस्त्यांचं म्हणणं वीस वर्षांपूर्वीचं. सियाम रीप ते को केर सुमारे 120 किलोमीटर, डांबरी रस्त्याने अडीच तास, वाटेत बेंग मिआलिआचं देऊळ. बेंग मिआलिआ अंकोरच्या तिकिटात येतं, को केर येत नाही. त्याचं वेगळं 15 डॉलर. को केर ही चौथ्या जयवर्म्याची राजधानी, 928 ते 944. तिथला सात टप्प्यांचा 36 मीटर उंचीचा पिरॅमिड अंकोरात कुठे बघायला मिळत नाही. इथल्याच प्रासात चेन देवळात भीम आणि दुर्योधन गदायुद्धाला समोरासमोर उभे होते. चोरांनी दोघांना घोट्यापासून तोडून नेलं, पावलं तेवढी चौथऱ्यावर राहिली. दोन्ही मूर्ती 2014 साली अमेरिकेतून परत आल्या, आता राजधानी नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आधी को केर, मग संग्रहालय असा क्रम ठेवा.

नॉम पेन्हहून सियाम रीपला गाडीने जाणार असाल तर कांपोंग थोमला एक रात्र काढा. तिथून 30 किलोमीटरवर सांबोर प्रेई कुक, सातव्या शतकातलं ईशानपूर: विटांची अष्टकोनी देवळं, भिंतींवर विटांतच कोरलेले उडते प्रासाद. पुढे सियाम रीपच्या वाटेवर कांपोंग क्देईला जांभ्याचा बाराव्या शतकातला पूल लागतो, त्यावर आजही वर्दळ आहे. कुलेन डोंगरावर जायचं तर 20 डॉलर वेगळे, आणि रस्ता अरुंद असल्याने सकाळी गाड्या फक्त चढतात, दुपारी फक्त उतरतात. अकरानंतर पायथ्याशी पोचलेले परत फिरतात.

शाकाहारी मंडळींनी या भागांत कोरडा खाऊ जवळ ठेवावा. भाजीतही माशाचा रस्सा किंवा प्राहोक हे आंबवलेल्या माशांचं तोंडीलावणं पडतं, आणि सांगणाऱ्याला ते मांसाहार वाटत नाही.

आता सुरुंग. ते अजून आहेत, मुख्यतः थायलंडच्या सीमेलगत. वर सांगितलेल्या देवळांचा फिरण्याचा परिसर आणि वाटा साफ केल्या आहेत. नियम साधा: मळलेली वाट सोडायची नाही, फोटोसाठी नाही आणि आडोशाला जायलाही नाही. कवटीची लाल पाटी दिसली की तिथूनच मागे. प्रे विहिअर आणि बांते छमार ही सीमेजवळची देवळं अप्रतिम आहेत, पण 2025 च्या जुलैत त्या पट्ट्यात तोफा चालल्या. तिथे जाण्याआधी नॉम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा, आणि ती नको म्हणत असेल तर ही दोन देवळं यादीतून काढा. थायलंडहून रस्त्याने शिरायचा बेतही सीमा उघडी असल्याची खात्री करूनच आखा.

‘पावसाळ्यात जाऊ नका’

आपण सह्याद्रीची माणसं, आपल्याला हे कुणी सांगावं? मे ते ऑक्टोबर पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, सकाळ मोकळी मिळते. खंदक आणि तळी भरलेली असतात, शेवाळाने दगड हिरवे होतात, गर्दी निम्म्याहून कमी वाटते. खरा त्रास एप्रिलचा, तेव्हा पारा चाळिशीला टेकतो आणि अंकोर वाटसमोरचं प्रतिबिंबाचं तळंही खाली गेलेलं असतं. पावसाळ्यात सांभाळायच्या गोष्टी दोनच: ओला वालुकाश्म साबणासारखा घसरतो, म्हणून खाचा असलेले बूट, आणि क्बाल स्पिअनला लिंगांवरून पाणी वाहत असतं, ती कोरलेली स्पष्ट बघायची असतील तर जानेवारीनंतर जा, पाण्याखाली बघायची असतील तर सप्टेंबरात.