सिनेमा बनताना खरंच दाखवणारे माहितीपट

घर जळतंय. लाकडी, ऐसपैस, फक्त या एका शॉटसाठी बांधलेलं. रुळांवरून कॅमेरा सरकतोय आणि मध्येच बंद पडतो. आग काही थांबत नाही. शॉट कटशिवाय, सलग काही मिनिटांचा घ्यायचा ठरलेला, त्यामुळे अर्धवट मिळालेल्या फिल्मचा उपयोग शून्य. शेवटी घर पुन्हा उभारलं, पुन्हा पेटवलं, आणि या वेळी एकाऐवजी दोन कॅमेरे लावले.

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या शेवटच्या चित्रपटाच्या, 'द सॅक्रिफाइस'च्या (१९८६) सेटवरची ही घटना 'डायरेक्टेड बाय आंद्रेई तार्कोव्हस्की' (१९८८) या माहितीपटात आहे. तो करणारा मिखाल लेश्चिलोव्हस्की हा मूळ चित्रपटाचा संकलक, म्हणजे एकेक शॉट टेबलावर हाताळलेला माणूस. हा माहितीपट बघितल्यावर मूळ चित्रपटातला तो जळणारा शॉट पुन्हा बघा. कॅमेरा कुठून कुठे जातो, माणसं कुठल्या क्षणी धावत येतात, याचं गणित किती नाजूक आहे ते तेव्हा कळतं.

चित्रपटनिर्मितीवरचा माहितीपट चांगला की टाकाऊ, याची माझी कसोटी एकच आहे: त्यात कुणी निर्णय घेताना दिसतं का? नुसतं निर्णयाबद्दल नंतर बोलताना नव्हे, घेताना. प्रसिद्धीसाठी केलेले 'मेकिंग ऑफ' ओळखायला पहिली दहा मिनिटं पुरतात. सगळे एकमेकांचं कौतुक करत असतात, कामाचा कुठलाही शॉट चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही, पैशाचा विषय निघत नाही, आणि पहिला सहाय्यक दिग्दर्शक कुठेच दिसत नाही. ही शेवटची खूण सगळ्यांत भरवशाची. सेटवरचं वेळापत्रक सांभाळणारा माणूसच दाखवला नसेल, तर काम कसं झालं हे दाखवायचा इरादाच नव्हता असं समजा.

म्हणूनच सुरुवात 'लॉस्ट इन ला मांचा'पासून (२००२) करा, असं मी ठामपणे सांगेन. दिग्दर्शक टेरी गिलियम २००० साली स्पेनमध्ये डॉन किहोते (क्विक्झोट) या स्पॅनिश कादंबरीतल्या नायकावरचा चित्रपट सुरू करतो आणि काही दिवसांतच तो बंद पडतो. कीथ फुल्टन आणि लुई पेपे यांचा कॅमेरा तेव्हा तिथेच होता. चित्रीकरणाची जागा उघड्या माळरानाची, आणि डोक्यावरून लढाऊ विमानं जाताहेत, म्हणजे संवादांचा आवाज वाया. दुसऱ्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस येतो आणि सामान वाहून जातं. पण खरं नुकसान नंतर लक्षात येतं: ओली झालेली जमीन वेगळ्याच रंगाची दिसायला लागते, त्यामुळे आधीच्या दिवशी घेतलेले शॉट आता कशाला जुळतच नाहीत. सामान भाड्याने परत मिळतं, जमिनीचा रंग मिळत नाही. मग मुख्य नट ज्याँ रोशफोर याच्या पाठीचं दुखणं उफाळतं आणि त्याला घोड्यावर बसणं अशक्य होतं. इथून पुढे माहितीपट सेट सोडून खोल्यांमध्ये शिरतो: विमा कशाचा आहे, कशाचा नाही, नट कधी बरा होणार, तोवर बाकीच्यांच्या तारखा कोण धरून ठेवणार. चित्रपट बुडतो तो पावसाने कमी, या हिशेबाने जास्त, हे इतकं स्वच्छ मांडलेलं दुसरीकडे मिळणं अवघड. (गिलियमने तो चित्रपट अखेर २०१८ साली पुरा केला. तो आधी बघायची गरज नाही.)

याच जातीचा सगळ्यांत गाजलेला म्हणजे 'हार्ट्स ऑफ डार्कनेस' (१९९१), दिग्दर्शक कोपोलाच्या 'अपोकॅलिप्स नाउ' या युद्धपटावरचा. वादळाने सेट उद्ध्वस्त होतात, मुख्य नट बदलला जातो, त्याच्या जागी आलेल्या मार्टिन शीनला हृदयविकाराचा झटका येतो, फिलिपिन्सच्या लष्कराकडून घेतलेली हेलिकॉप्टरं मध्येच लढाईसाठी परत जातात, आणि चित्रीकरण २३८ दिवस चालतं. पण माझ्या मते यातला अस्सल ऐवज आवाजाचा आहे. एलिनॉर कोपोलाने नवऱ्याची घरातली बोलणी टेप केली होती. शेवट सापडत नाही, आपण वाईट चित्रपट करतोय, ही त्याची भीती त्यात कुठलाही मुलामा न देता ऐकू येते. नंतर दिलेल्या मुलाखतीत असं कुणी बोलत नाही.

'बर्डन ऑफ ड्रीम्स' (१९८२) मात्र वेगळ्या नजरेने बघावा लागतो. जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झॉग 'फिट्झकराल्डो' या चित्रपटासाठी पेरूच्या जंगलात ३००हून अधिक टनांची आगबोट खरोखर डोंगरावरून ओढतो. त्याआधी सुमारे ४० टक्के काम झालेलं असताना मुख्य नट जेसन रोबार्ड्स आजारपणामुळे बाहेर पडला, त्याच्यासोबत काम करणारा मिक जॅगर निघून गेला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून क्लाउस किन्स्कीला घेऊन करावं लागलं. माहितीपटाचा दिग्दर्शक लेस ब्लँकचं कौतुक यासाठी, की तो हर्झॉगच्या जिद्दीला भुलत नाही. बुलडोझर चिखलात रुतून बसलाय, अभियंता धोका सांगून काम सोडतोय, आणि दोरखंडाजवळ उभी आहेत ती स्थानिक आदिवासी माणसं, हे तो शांतपणे दाखवत राहतो. स्वप्न एकाचं आणि जोखीम दुसऱ्याची, ही गोष्ट इथे नजरेआड होत नाही. हर्झॉगचे चाहते हा माहितीपट जिद्दीची गाथा म्हणून सुचवतात, ते मला अजिबात पटत नाही.

आता एकेका विभागावरचे. इथे जवळपास सगळं मुलाखती आणि चित्रपटांतले तुकडे असंच असतं, त्यामुळे माझी कसोटी थोडी सैल करावी लागते.

छायालेखनासाठी 'व्हिजन्स ऑफ लाइट' (१९९२). यात छायालेखक कॉनराड हॉल 'इन कोल्ड ब्लड'मधल्या (१९६७) एका शॉटबद्दल सांगतो. फाशीच्या आधी कैदी खिडकीशी उभा आहे. बाहेर पाऊस, दिवाही बाहेर. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याची सावली त्याच्या गालावर पडते आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय असं दिसतं. नट मात्र रडत नाहीये. हे ठरवून केलेलं नव्हतं. दिसलं आणि ओळखून ठेवलं. प्रकाश कुठून येतोय एवढंच न बघता तो कशातून येतोय हेही बघावं, हे मनावर ठसवायला तो एक शॉट पुरेसा आहे. माहितीपट हॉलिवूडबाहेर फारसा जात नाही, ही उणीव आहेच.

संकलनासाठी 'द कटिंग एज' (२००४). तुकडे भराभर येतात आणि बऱ्याच चित्रपटांचे शेवट फुटतात, तेवढं सोसावं लागतं. पण 'जॉज'बद्दल स्पिलबर्ग जे बोलतो ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर समजतं: यांत्रिक शार्क ३६ फ्रेमपर्यंत खरा वाटायचा, ३८ फ्रेम ठेवल्या की लबाडी उघडी पडायची. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा फरक सेकंदाच्या बाराव्या भागाचा झाला.

आवाजासाठी 'मेकिंग वेव्ह्ज' (२०१९). दिग्दर्शक मिज कॉस्टिन स्वतः ध्वनी-संकलक, त्यामुळे मांडणी कामाच्या टेबलावर असते तशी आहे: सेटवरचा संवाद, डबिंग, इफेक्ट, फोली (पावलं, कपडे वगैरेंचे नंतर स्टुडिओत करून घेतलेले आवाज), वातावरण, संगीत असे पदर वेगळे काढून दाखवले आहेत. तो फोनच्या स्पीकरवर बघू नका. खालचे, जाड आवाज तिथे येतच नाहीत आणि निम्मं म्हणणं वाया जातं. साधे का होईना, हेडफोन लावा.

'७८/५२' (२०१७) फक्त हिचकॉकच्या 'सायको'मधल्या स्नानगृहातल्या हत्येवर आहे. नावातले आकडे म्हणजे कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या आणि ५२ कट. सुऱ्याच्या आवाजासाठी वेगवेगळी खरबुजं भोसकून पाहिली होती, हा भाग झकास आहे, आणि त्या दृश्यात नटी जॅनेट लीच्या जागी उभी राहिलेल्या मार्ली रेनफ्रोची मुलाखत तर चुकवूच नका. बाकी नुसत्या चाहत्यांची बडबड पुढे ढकललीत तरी चालेल.

बघायची पद्धतही सांगतो, कारण चूक बहुतेक इथेच होते. माहितीपट सलग बघितला की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि आठवड्यात विरून जातं. संकलनावरचा बघितल्यानंतर आवडत्या चित्रपटातला दोन मिनिटांचा, दोन माणसांच्या बोलण्याचा प्रसंग निवडा. आधी आवाज बंद करून प्रत्येक कटला बोटाने टिचकी मारा. मग आवाज लावून बघा: चित्र बदलायच्या आधीच पुढच्याचा आवाज सुरू होतो का, की आधीच्याचं वाक्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर संपतं? तिसऱ्यांदा एवढंच शोधा, की बोलणारा न दाखवता ऐकणारा कधी दाखवलाय. आवाजासाठी 'द गॉडफादर'मधला रेस्टॉरंटचा प्रसंग घ्या आणि डोळे मिटून ऐका. गोळ्या सुटेपर्यंत संगीत नाही, पण न दिसणाऱ्या रेल्वेचा कर्कश आवाज वाढत जातो. नायक मायकेलच्या डोक्यात काय चाललंय ते सगळं त्या आवाजात आहे.

टीव्हीवर बघत असाल तर मोशन स्मूदिंग आधी बंद करा. ही सोय फ्रेमच्या मधे स्वतःच्या बनावट फ्रेम घुसवते, हालचाल गुळगुळीत होते आणि छायालेखनावर चाललेली चर्चा निरर्थक ठरते. खोलीतला दिवाही घालवा. 'द गॉडफादर'चा छायालेखक गॉर्डन विलिसच्या अंधाऱ्या फ्रेम उजेडात नुसत्या काळ्या दिसतात.

'द स्टोरी ऑफ फिल्म' (२०११) पंधरा भागांचा आहे. एका बैठकीला एकच भाग. जास्त बघितलेत की नावं एकमेकांत मिसळतात. फिल्म विरुद्ध डिजिटल यावरचा 'साइड बाय साइड' (२०१२) चांगला आहे, पण कॅमेऱ्यांची तुलना तेव्हाची, आता शिळी झालेली. त्यातले वाद ऐका, निष्कर्ष सोडा.

आणि जे उरलं नाही त्याबद्दलचे दोन. 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा पी. के. नायर यांच्यावरचा, ज्यांनी भारताचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं केलं. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे हे तोंडपाठ असलेला माणूस, आणि फिल्मच्या थरातली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेलेल्या रिळांची हकीकत. दुसरा बिल मॉरिसनचा 'डॉसन सिटी: फ्रोझन टाइम' (२०१६). कॅनडातल्या युकॉनमध्ये बुजवलेल्या एका जलतरण तलावात १९७८ साली ५३३ रिळं सापडली. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म, पण गोठलेल्या जमिनीने ती जपली. पाणी लागलेल्या रिळांच्या कडांना पांढरे डाग थरथरत राहतात आणि मधे एखादा चेहरा स्पष्ट दिसतो. मॉरिसनने ते डाग पुसले नाहीत. हा बघताना फोन दूर ठेवा. निवेदन नाही, गोष्ट पडद्यावरच्या अक्षरांतून पुढे जाते.