गाड्या वाळूवर नकोत, माडांच्या भाटात लावूया

२६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला आणि आमच्या कारवांवाल्यांचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या घेऊन फिरणाऱ्यांचा, मेळावा केरीला ठरला. गोव्यातल्या पेडणे तालुक्याचं टोक, पलीकडे तेरेखोल नदी आणि किल्ला. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, सावंतवाडी आणि आम्ही म्हापशाचे, अशा ११ गाड्या. काही तयार बांधून घेतलेल्या, काही आमच्यासारख्या जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेल्या. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. हॉटेलात त्यांना झोप लागत नाही, पण गाडीतल्या स्वतःच्या अंथरुणावर शांत झोपतात. म्हणून हा छंद मला फार जवळचा आहे. आणि म्हणूनच हे लिहितेय.

पहिल्या संध्याकाळी चार गाड्या सुरूच्या झाडांमधून थेट वाळूवर उतरल्या. दार उघडलं की समोर समुद्र, एवढीच हौस. त्यातली एक आसापर्यंत रुतली. गावातल्या मुलांनी ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली, पैसेही घेतले नाहीत. सकाळी जाऊन पाहिलं तर चाकांच्या खुणा मर्यादवेलीवरून आरपार गेलेल्या, जांभळी फुलं वाळूत चिरडलेली. ही वेल वाळू धरून ठेवते आणि ती वाळूची टेकडी पावसाळ्यातल्या लाटा अडवते. केरीची किती सुरूची झाडं समुद्राने आधीच उन्मळून नेली आहेत, हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. उरलेली वाळू आपण सैल करायची?

तिथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मोरजीचा तेंबवाडा आहे. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. रात्री पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचा मंद उजेड त्यांना वाट दाखवतो. आमच्या गाड्यांना टपावर, दारावर आणि कनातीखाली एलईडी पट्ट्या असतात. किनाऱ्यावर अशा चार गाड्या उभ्या राहिल्या की पिल्लं समुद्राऐवजी गाडीकडे वळतील. शिवाय उघड्यावर स्वयंपाक केला तर पर्यटन खात्याच्या २०२२ च्या आदेशात ५० हजारांपर्यंत दंड ठरवलेला होता. पण दंड नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

शनिवारी सकाळी मी आणि माझे यजमान गावात चौकशी करायला गेलो. एका मावशीने आपलं भाट, म्हणजे माडांची बाग, दाखवलं. रात्रीला गाडीमागे ३०० रुपये ठरले. आधी तिने माडावर चढून नारळ काढणाऱ्या पाडेलीला बोलावून गाड्यांच्या वरचे नारळ उतरवून घेतले. आमच्यापैकी कुणाच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. नऊ गाड्या आल्या, दोघे रागावून दुसरीकडे गेले. मी विहिरीपाशी बादली घेऊन गेले तेव्हा मावशी म्हणाली, "बाये, बांयचें उदक पियेवपाचें, हांगा साबू नाका." म्हणजे विहिरीचं पाणी प्यायचं आहे, इथे साबण नको. ती वाक्यं मी रात्री सगळ्यांना पुन्हा सांगितली.

कारण आमच्या गाड्यांचा खरा प्रश्न घाण पाण्याचाच आहे. ओट्याचं आणि अंघोळीचं पाणी खालच्या टाकीत साठतं. ती टाकी भरली की पुष्कळ लोक अंधारात तोटी सोडून देतात. संडासाची काढता येणारी टाकी २० लिटरच्या आसपास असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. मग ती ओतायची कुठे? किनाऱ्यालगतच्या वाळूत आणि जांभ्यात ओतलेलं पाणी झिरपत शेजारच्या विहिरीत उतरतं. मावशीची विहीर आमच्या गाड्यांपासून ४० पावलांवर होती. टाकीतलं काही कंपन्यांचं निळं रसायन सेप्टिक टाकीतले जिवाणूही मारतं, मग त्या घराचीच टाकी तुंबते. आम्ही संडासाची टाकी बंद करून म्हापशाला आणली आणि घरच्या संडासात ओतली. पुण्याच्या माणसाने काय करावं?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कारवां पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. गोव्यात निदान उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी टाक्या रिकाम्या करायची जागा हवी. पैसे देऊन वापरायला आम्ही तयार आहोत. किनाऱ्यापासून आतल्या गावात ज्यांची भाटं आहेत, त्यांना गाड्या ठेवायला सोपी परवानगी द्यावी. मुलं परदेशी, पाडेली महाग आणि नारळाला भाव नाही, अशा घराला या ३०० रुपयांचं मोल असतं. किनाऱ्यावर गाडी लावली तर गावाच्या हाती काहीच येत नाही.

क्लबमधल्या मंडळींना मी स्पष्ट सांगितलं आहे: यापुढे वाळूवर गाडी उतरणार असेल तर आमची गाडी त्या मेळाव्यात नसेल. दोघांनी फोन घेणं बंद केलं. त्याचं वाईट वाटलं, कारण त्यांच्याबरोबर आम्ही अनेक रात्री शेकोटीभोवती काढल्या आहेत.

रविवारी निघताना मावशीने प्रत्येक गाडीत दोन-दोन नारळ ठेवले. पुढचा मेळावा मार्चमध्ये, ११ गाड्या, २६ माणसं, तीन रात्री. पेडणे, डिचोली किंवा सत्तरीत कुणाचं भाट असेल, वाट ट्रॅव्हलर जाईल एवढी रुंद असेल आणि घरची सेप्टिक टाकी पक्की असेल, तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा.