जाळ आणि जाणकार

घरात गॅस पेटवणाऱ्याच्या मागे उभं राहून "बर्नर जरा डावीकडे घे" असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. उघड्यावर तीन दगड मांडून लाकडं रचायला घ्या, मग बघा गंमत. घरात चहाचं पातेलं कुठे ठेवतात हेसुद्धा ज्यांना ठाऊक नसतं, ती मंडळी हाताची घडी घालून, मान तिरकी करून आपल्या पाठीशी येतात आणि म्हणतात, "असं नाही पेटायचं ते."

मला मांस-मासे विस्तवावर चांगले भाजता येतात, असं आमच्या नातेवाइकांत बोललं जातं. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण ते खरं आहे. माझं दुखणं भाजण्याचं नाहीच. काडी ओढल्यापासून निखारे पडेपर्यंत जो पाऊण-एक तास जातो, त्या वेळात भुकेली माणसं रिकाम्या हातांनी भोवती उभी असतात. सगळं दुखणं त्या तासाचं आहे.

सुरुवात सरपणापासून होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असू शकतं. ते पेटवलं की सगळी धग आधी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ओंडक्याच्या टोकाला फेस येतो, सूं सूं आवाज येतो आणि धूर मात्र गाव पेटल्यासारखा. नीट वाळलेल्या लाकडात पाणी साधारण २० टक्क्यांच्या आत असतं. त्याच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओलं लाकूड बद्द वाजतं. हे सगळं मी मेव्हण्याला समजावून सांगितलं. त्याने आणलेला ओंडका माझ्यासमोर आपटला, बद्द आवाज लक्षपूर्वक ऐकला आणि म्हणाला, "भाऊजी, आतून एकदम भक्कम आहे बघा."

दुसऱ्या फेरीत तो जुन्या खिडकीची रंग दिलेली चौकट घेऊन आला. ती मी हात जोडून परत पाठवली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कीड लागू नये म्हणून लाकडाला आर्सेनिकसुद्धा पाजलेलं असू शकतं, आणि त्या धुरावर भाजलेलं मला नातेवाइकांना खाऊ घालायचं नव्हतं. निदान तोपर्यंत तरी नव्हतं. मग तो दगड घेऊन आला, थेट पाण्यातून काढलेले. असे दगड तापले की आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन फुटू शकतात, हे सांगितल्यावर "तुमचं सगळ्यातच काहीतरी असतं" म्हणून तो रुसून बसला. ती दहा मिनिटं माझी फार सुखात गेली.

धूर नेमका आपल्याच डोळ्यांत का जातो, याचं उत्तर मी शोधून ठेवलं आहे. गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला आग चहूबाजूंनी हवा ओढते. आपण एका बाजूला अगदी जवळ बसलो की त्या बाजूची हवा अडते आणि धूर तिकडेच कलतो. म्हणजे आगीजवळ बसून खरोखर काम करतो, धूर त्याचा. सल्ला देणारे चार पावलं लांब असतात. त्यांच्या डोळ्यांना कधी पाणी आलेलं मी पाहिलं नाही.

जाळ धडधडून पेटला की "टाक ना आता!" असा गलका होतो. जाळावर भाजायचं नसतं. ज्वाळा इकडून तिकडे हलतात, मांसावर काजळी धरतात, एक टोक करपवतात आणि दुसरं कच्चं ठेवतात. भाजायचं असतं ते निखाऱ्यांवर. वरून राखेची पांढुरकी साय आली आणि आत लाल दिसलं की ते एकसारखी धग देऊ लागतात. धग मोजायची सोपी रीत म्हणजे जाळीच्या वर १०-१२ सेंटिमीटरवर तळहात धरायचा. दोन-तीन आकड्यांत हात ओढून घ्यावा लागला तर विस्तव कडक, पाच-सहापर्यंत निघालं तर मध्यम. ही रीत मी एकदा काकांसमोर बोलून दाखवली. काकांनी लगेच बाही वर केली, हात धरला, दात आवळून बारापर्यंत मोजलं आणि लालभडक तळवा पाठीमागे लपवत म्हणाले, "छे, अजून काहीच तापलेलं नाही. घाल आणखी दोन लाकडं."

आणि ढोसणं! विस्तव दिसला की माणसाला काटकी का सापडते, कोण जाणे. नीट एका बाजूला ओढून ठेवलेले निखारे येणारा-जाणारा प्रत्येक जण उकरून जातो. ते तसे ठेवण्यात मतलब असतो. एका अंगाला निखारे, दुसरं अंग जवळजवळ रिकामं. आधी दाट निखाऱ्यांवर बाहेरून रंग आणायचा, मग तुकडे रिकाम्या बाजूला सरकवून आतपर्यंत शिजू द्यायचे. खरपूस रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. तो ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत १०० च्या पुढे सरकतच नाही. १९१२ साली मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या तांबूस होण्यामागची क्रिया मांडली. तरीही आमच्या वहिनी निम्मं भाजलेल्या तंगडीवर वाटीभर मसाल्याचं पाणी ओततात, कारण "कोरडं दिसतंय."

कोंबडी तर दगाबाजच. वरून काळी, हाडाशी गुलाबी. हाडाजवळ ७४ अंश भरले की ती बिनधोक, म्हणून मी सुईचा थर्मामीटर ठेवतो. तो तंगडीत खुपसल्यावर काकांनी विचारलं, "ताप आहे का रे तिला?" हा विनोद ते दर वेळी करतात आणि दर वेळी हसणारं कुणीतरी नवीन मिळतं. तेवढ्यात चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून भडका उडाला. अशा वेळी तुकडा बाजूला सरकवला की काम होतं, पण मेव्हण्याने रुसवा सोडून तत्परतेने तांब्याभर पाणी ओतलं. भस्सकन राख उडाली. पुढची पाच मिनिटं मी चिमट्याने एकेक तुकडा उचलून राख पुसत होतो आणि तो म्हणत होता, "वाचवलं की नाही?"

मासा हे शेवटचं प्रकरण. मासा पुसून कोरडा करावा, तेल लावावं, जाळी स्वच्छ आणि आधीच सणसणीत तापलेली असावी आणि ठेवल्यावर त्याला हात लावू नये. कच्च्या माशातली प्रथिनं धातूला धरून बसतात. कातडीला पापुद्रा आला की तो बहुतेक आपसूक सुटतो. सुटत नसेल तर उलटायची वेळ झालेली नसते. माशाच्या मांसाचे पदर बांधणारे धागे नाजूक आणि मोजकेच, त्यामुळे घाई केली की तो पदरापदराने वेगळा होतो. इस्राएलमध्ये गेशेर बेनोत याकोव इथे सापडलेल्या माशांच्या दातांवरून २०२२ साली संशोधकांनी मांडलं, की तिथे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी मासे शिजवले जात होते, तेही थेट आगीत न टाकता बेताच्या धगीवर. इतक्या जुन्या काळी हे कसं जमलं, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. "आता उलट, करपेल" असं म्हणायला लागणारी भाषा तेव्हा बहुधा कुणाला येत नसावी.

आमच्याकडे ती सर्वांना येते. मी मीठ आणायला वळलो तेवढ्यात मासा उलटला गेला. कातडी जाळीवर राहिली, डोकं जाळीच्या एका खाचेत, शेपूट दुसऱ्या खाचेत, आणि मधलं सगळं निखाऱ्यांत. "जाळीच खराब आहे," असा निकाल एकमताने लागला.

जेवताना मात्र सगळे एकदम खूश. धुराच्या त्या वासाचं कौतुक झालं. तो वास लाकडातलं लिग्निन जळून येतो, असं मी म्हणालो, तर मेव्हणा म्हणाला, "म्हणजे लाकूड चांगलं होतं ना?"

जेवणं उरकल्यावर विस्तव विझवायला माणूस मिळत नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा, हे सगळं मी एकट्यानेच केलं आणि मग जाळी घासायला बसलो. करपलेली कातडी काही केल्या सुटेना. गाडीच्या खिडकीतून काकांचा आवाज आला, "राख लावून घास रे, राखेनं निघतं!" लाकडाच्या राखेत क्षार असतो, ओली करून घासली की तो तेलकटपणाशी मिळून थोडा साबणासारखा वागतो, त्यामुळे निघतं हे खरंच. तरी मी आधी पाच मिनिटं वाळूने घासून पाहिलं आणि काका झोपल्याची खात्री झाल्यावर राख घेतली.