गरिबांनी अटक होण्याआधी करायची तयारी

अटक व्हायचंच असेल तर जरा नियोजन करून व्हा. शक्यतो तहसीलदारांची सही हातात पडल्यावरच. फुकट वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. म्हणजे कायद्यात लागत नाही, टेबलावर लागतो.

आमच्या वॉचमनच्या पोराला मोबाइलचोरीच्या संशयावरून उचललं. त्याच्या आईबरोबर मी विधी सेवेच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "दाखला आईचा चालणार नाही, मुलगा सज्ञान आहे, त्याचाच आणा." तो कोठडीत आहे म्हटलं, तर म्हणे, "मग सुटल्यावर आणा." सुटल्यावर! अहो, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987चा आहे, त्याचं कलम 12 तुमच्याच पाठीमागच्या भिंतीवर टांगलंय. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. बाईला नाही, लहान मुलाला नाही, अनुसूचित जाती-जमातींना नाही, अपंगांना नाही. तो फलक काय भिंतीचे पोपडे झाकायला लावलाय?

असो. सल्ला चालू ठेवतो.

15100 हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर तोंडपाठ करा. मोबाइल पोलिसांकडे जमा असणार.

पॅनेलवरचा, म्हणजे विधी सेवेनं दिलेला फुकट वकील ओळखणं सोपं आहे. पुकारा झाल्यावर जो धावत येऊन "नाव काय तुझं?" विचारतो, तो तुमचा.

जामीन मंजूर झाला म्हणून पेढे वाटू नका. आता ऐपतदार जामीनदार आणायचाय. असा माणूस ओळखीत असता तर या रांगेत कशाला उभे राहिला असतात?

आणि कोर्टात गप्प उभे राहा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारणार कोणी नाही.

हे शेवटचं मात्र मला गमतीत लिहिता येत नाही. आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की सरकारी खर्चानं वकील मिळतो हे त्याला सांगणं दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टानं 1980 साली खत्री खटल्यात बजावलंय. आरोपीनं मागितला नाही म्हणून हक्क बुडत नाही, हे 1986 साली सुकदास खटल्यात. तरी आपल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी. त्या पोराचा रिमांड दोन मिनिटांत उरकला, मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. वकील आहे का, एवढं विचारायला किती वेळ लागतो हो? पगार घेता ना या कामाचा? मग विचारा!