दूध फुकट, बसायचे पैसे वेगळे

अंगावर पिणारं मूल घेऊन परदेशी निघालोय म्हटल्यावर ज्यानं-त्यानं एकच सांगितलं, "तुझं काय गं, बाटल्या उकळायला नकोत, पावडर नको, जेवणाची सोय बरोबरच!" हे सांगणाऱ्यांत पाजत पाजत प्रवास केलेली एकही बाई नव्हती. बहुतेक काकाच होते. दूध बरोबर असतं हे खरं, पण ते पाजायला बूड टेकावं लागतं आणि इटलीत बूड टेकायचे पैसे पडतात, हे एकाही काकांनी सांगितलं नाही.

आम्ही पाच जण होतो. सासूबाई, सासरे (म्हणजे आमचे बाबा), नवरा, मी आणि सात महिन्यांची चिऊ. सात महिने हे वय लक्षात घ्या. याच्या आधी मूल मुकाट्यानं पितं. सात महिन्यांचं मूल दोन घोट पितं, मान वळवून जगाकडे बघतं, खुदकन हसतं आणि मग पुन्हा प्यायला येतं. ते जग बघत असताना जगालाही बरंच काही दिसत असतं.

विमान त्यातल्या त्यात बरं गेलं. चढताना-उतरताना पाजलं की गिळण्यामुळे बाळाचे कान मोकळे होतात, म्हणून मी तयारीत बसले होते. पण विमान धावपट्टीवर रांगेत उभं राहिलं आणि चिऊनं तिथेच पोट भरून घेतलं. प्रत्यक्ष आकाशात चढलो तेव्हा तोंड घट्ट मिटलेलं! बॅसिनेटमध्ये, म्हणजे विमानातल्या पाळण्यात, निजवलं की पट्टा बांधायचा दिवा लागायचा आणि तिला उचलून घ्यावं लागायचं. तो दिवा तिच्या पापण्यांना जोडलेला असावा, असा मला दाट संशय आहे.

रोममध्ये खरी सुरुवात झाली ती स्पॅनिश स्टेप्सवर. सव्वाशेच्या वर पायऱ्या, ऐसपैस, उन्हानं छान तापलेल्या. चिऊनं भोकाड पसरलं, मी पिशवी ठेवली आणि टेकणार एवढ्यात शिट्टी! पोलीस हातवारे करून उठवतोय. २०१९पासून तिथे बसायला बंदी आहे. नुसतं बसलात तर २५० युरो दंड, घाण केलीत तर ४००पर्यंत. नवऱ्यानं तिथल्या तिथे रुपयांत हिशेब करून मला दंडाला धरून उभं केलं. बाबा मात्र तापले. "बसायचं नाही तर एवढ्या पायऱ्या बांधल्या कशाला? आपल्या पर्वतीवर अडवतं का कुणी?"

मग कॉफीच्या दुकानात शिरलो. इटलीत कॉफीचे दोन भाव असतात. काउंटरला उभ्यानं प्यायलात तर एक, टेबलाशी बसलात तर दुसरा, आणि पर्यटकांच्या चौकात हा दुसरा भाव पहिल्याच्या कितीतरी पट. इटालियन माणूस उभ्या उभ्या एका घोटात कप रिकामा करून चालता होतो, त्याचं बरंय. त्याला कुणाला डावीकडून उजवीकडे घ्यायचं नसतं. मी बसायच्या भावाची कॉफी मागवली. ती सासूबाईंनी पिऊ दिली नाही. "तू कॉफी प्यायचीस आणि रात्री पोरगी टक्क जागी राहायची!" कॉफी नवऱ्यानं प्यायली, तीही उभ्यानं. खुर्ची एकच घेतली होती.

माझी तहान हा वेगळाच विषय. बाळ प्यायला लागलं की आईच्या घशाला कोरड पडते, हे पाजणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. रोमनं या बाबतीत लाज राखली. रस्तोरस्ती नासोने नावाचे लोखंडी नळ आहेत, दोन हजारांच्या वर. थंडगार, गोड पाणी, चोवीस तास, फुकट. नळाला तोटीच नाही, पाणी आपलं वाहतंच आहे. हे बघून पुण्यात टँकरच्या वेळा पाठ असलेल्या सासूबाईंचा जीव कासावीस झाला. "अरे, बंद करा रे कुणीतरी!" बाबांनी नळीच्या तोंडावर बोट दाबलं. त्या नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, खालचं तोंड बंद केलं की तिथून कारंजं उडतं. लोकांनी ओंजळ न करता सरळ उभं राहून प्यावं, म्हणून केलेली सोय. बाबा कमरेपर्यंत भिजले. चिऊ इतकी खदखदून हसली की प्यायचं विसरली.

आता सासूबाईंच्या पडद्याबद्दल. त्यांनी घरून एक धुवट सुती साडी आणली होती, खास याच कामासाठी. मला कुठे कोपरा मिळाला रे मिळाला की त्या एक टोक धरायच्या, दुसरं बाबांच्या हातात द्यायच्या आणि दोघं समोर उभे राहायचे, अंतरपाट धरल्यासारखे! मंगलाष्टकांचीच काय ती कमी. मी म्हणायची, "आई, अहो कुणी बघत नाहीये." आणि ते खरंच होतं. समोरच्या बाकावर एक इटालियन बाई पोराला पाजता पाजता आइस्क्रीम खात होती, तिच्याकडे कबूतरंसुद्धा बघत नव्हती. माझ्यासमोर मात्र गर्दी. आडव्या धरलेल्या हिरव्या काठाच्या साडीमागे नक्की काय चाललंय म्हणून लोक थांबत. एक सहलीचा ग्रूपच येऊन उभा राहिला. "अय्या, इथे काय आहे हो बघायला?" शुद्ध मराठीत! बाबांनी साडी न सोडता सांगितलं, "काही नाही, आमचं घरगुती आहे." सहलीच्या ग्रूपनं मान डोलावून फोटो काढला.

व्हॅटिकनमध्ये मला या पडद्याचा पूर्वज सापडला. सिस्टीन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोनं रंगवलेला अंतिम न्यायाचा तो भलामोठा देखावा आहे ना, त्यातली माणसं मुळात नागडी होती. पुढे १५६५च्या सुमारास दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराला बोलावून त्यांतल्या कितीतरी जणांना वस्त्रं चढवली. त्यावरून बिचाऱ्याला 'चड्ड्यावाला' असं टोपणनाव पडलं. मी हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बघ, तिथेसुद्धा कुणाला तरी काळजी होतीच!" आत जायला खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, रखवालदार मिनिटामिनिटाला "सिलेंत्सियो!" म्हणजे "शांतता!" असं ओरडत असतात आणि नेमकी तिथेच चिऊ भुकेजली. भिंतीलगत बाक होतं. फुकट! मी बसले. सासूबाईंनी पिशवीत हात घातला, तेव्हा मी हळूच सांगितलं की याच चॅपेलमध्ये २०१४च्या जानेवारीत बारशाच्या विधीला खुद्द पोप फ्रान्सिस आयांना म्हणाले होते, बाळं भुकेली असतील तर खुशाल पाजा. सासूबाईंनी पोपचा मान राखून साडी अर्धीच उघडली.

त्याच रोमची खूण काय, तर पाजणारी लांडगी. रोम वसवल्याच्या दंतकथेतल्या रोम्युलस-रीमस या जुळ्या पोरांना दूध देणारी ती मूर्ती कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे, आणि तिचं चित्र फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यापासून चुंबकांपर्यंत सगळीकडे. गंमत म्हणजे पोरं मूळ मूर्तीत नव्हती, ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस बसवली. म्हणजे बाई कित्येक शतकं नुसतीच तयारीत उभी! मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ती उभ्यानं पाजते. या शहरात राहून हे शहाणपण तिला आपसूक आलं असणार.

फ्लॉरेन्सला जाताना आगगाडीत मात्र राजयोग होता. बसायचे पैसे तिकिटातच गेलेले. समोर एक इटालियन आजीबाई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, सासूबाईंना इटालियन. तरी आजीबाईंनी बोटं नाचवून, छातीला हात लावून काही विचारलं आणि सासूबाईंनी तात्काळ उत्तर दिलं, "पुरतं हो, पण हळिवाचे लाडू खात नाही." आजीबाईंनी माझ्याकडे निराशेनं बघून मान हलवली. दोघींचं फ्लॉरेन्सपर्यंत माझ्या दुधावर एकमत होत राहिलं, दोन भाषांत.

व्हेनिसला पूलच पूल आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. बाबागाडी नवऱ्याच्या डोक्यावर. सान मार्कोच्या चौकातही जमिनीवर बसायला दंड, म्हणून शेवटी तिथल्या एका कॅफेत शिरलो. समोर व्हायोलिन, पियानो, सगळा जामानिमा. बिल आलं. कॉफीचे वेगळे, बसायचे धरून, आणि वर संगीताचे माणशी वेगळे. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंनी विचारलं, "चिऊचे पण लावले?"

मी घाईघाईनं चिऊला जवळ घेतलं. व्हायोलिन ऐकत ती आधीच गाढ झोपली होती. उठवायला लागले, तर बाबांनी हात धरला आणि खुर्चीत नीट मागे रेलले.

"झोपू दे तिला. पैसे बसायचेच दिलेत ना? मग बसू या."